कांदा आणि हृदय : एका निषिद्ध कंदाची कथा



गेल्या वर्षी याच व्यासपीठावर खानदेशच्या जुन्या खाद्यपरंपरेविषयी आम्ही चार शब्द बोललो, तेव्हा कार्यक्रम संपल्यावर दोन चिठ्ठ्या आमच्या हाती आल्या. पहिली एका वयस्क गृहस्थांची होती. त्यांनी लिहिले होते : "डॉक्टरांनी रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्या दिल्या आहेत. शेजारी म्हणतात, रोज एक कच्चा कांदा खा, गोळ्यांची गरज नाही. काय करावे?" दुसरी चिठ्ठी एका भगिनीची होती. ती याहूनही लहान होती : "आम्ही जैन आहोत. कांदा-लसूण घरात येत नाही. मग आमच्या हृदयाचे काय?"

त्या दिवशी वेळ संपली होती आणि खरे सांगावयाचे तर आमच्यापाशी उत्तरही तयार नव्हते. वर्षभर या विषयाचे वाचन केले, तेव्हा ध्यानात आले की या दोन्ही चिठ्ठ्यांचे उत्तर एकाच इतिहासात दडले आहे. आणि तो इतिहास कुठे दूरदेशी नव्हे, पुष्कळसा आपल्या महाराष्ट्रातच घडलेला आहे. आज तोच आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

वसंत व्याख्यानमाला आणि कांदा यांचा योगही काही वाईट नाही. हे दिवस उन्हाळ कांद्याच्या काढणीचे. शेतात पात मोडून पडली आहे, कांदा उपटून, सावलीत सुकवून चाळीत भरण्याची घाई चालली आहे आणि बाजार समितीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली आहे. आपले दोंडाईचा मिरचीच्या व्यापारासाठी नावाजलेले. पण मिरचीचा जोडीदार कोण, हे येथे कोणाला सांगावयास नको. कळण्याची भाकरी, खलबत्त्यात कुटलेला ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा ही शेतावरची न्याहारी. भरीत करावयाचे तर त्यात कांद्याची पात हवीच. शेवभाजीचा काळा मसाला सुक्या खोबऱ्याबरोबर कांदा भाजल्यावाचून होत नाही. वैशाखात तापीकाठचे ऊन अंगावर घेऊन प्रवासास निघणारा माणूस ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकतो. असा हा कांदा आपल्या घरचा आहे. आणि जो घरचा असतो त्याची विचारपूस आपण सहसा करीत नाही.

प्रथम जुन्या काळाकडे वळू. प्राचीन भारतात कांद्याचा खटला दोन दरबारांत चालला आणि दोन्हीकडे निकाल वेगवेगळा लागला. पहिला दरबार धर्मशास्त्राचा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, गृंजन, पलांडू म्हणजे कांदा आणि अळिंबी यांना द्विजांसाठी अभक्ष्य ठरविले आहे. जाणूनबुजून खाणारा पतित होतो, इतपर्यंत कडक भाषा आहे. हा निषेध केवळ पोथीत राहिला नव्हता. इ. स. ३९९ ते ४१४ या काळात प्रवास करणाऱ्या फाहियान या चिनी यात्रेकरूने मध्यदेशातील लोक कांदा-लसूण खात नाहीत, चांडाळ मात्र खातात, असे नोंदविले. सातव्या शतकात आलेला ह्युएन त्संग, जो पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रातही येऊन गेला, त्यानेही भारतात कांदा-लसणाचा वापर थोडा असल्याचे व खाणाऱ्यास वस्तीबाहेर राहावे लागत असल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे एका कंदाने माणसाची गावातली जागा ठरत होती! आज चाळीवर कांदा भरणाऱ्या कष्टकऱ्याकडे पाहताना हा इतिहास विसरता कामा नये. आहाराच्या नियमांत पावित्र्याच्या कल्पनेइतकीच उच्चनीचतेची कल्पनाही मिसळलेली असते.

दुसरा दरबार वैद्यांचा. तेथे भाषा एकदम बदलते. अमरकोश कांद्याला 'सुकंदक' असेही नाव देतो. म्हणजे चांगला कंद. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सत्ताविसाव्या अध्यायात, अन्नपदार्थांचे गुणदोष सांगताना कांद्याला वातनाशक, बलदायक, पचनास जड आणि रुची आणणारा म्हटले आहे. तो कफ वाढवितो, हा दोषही सांगितला आहे. त्याच जागी एक शब्द येतो : 'आहारयोगी'. म्हणजे जेवणाबरोबर योजावयास योग्य. श्रोत्यांनी हा शब्द ध्यानात ठेवावा. शेवटी आपल्याला त्याच्याकडेच परत यावयाचे आहे. वाग्भटाच्या परंपरेत तर लसणानंतर वातावर कांद्यासारखे औषध नाही, असा गौरव आहे आणि शक राजांचे जीवितच जणू कांद्यात साठविले आहे, असेही म्हटले आहे. परक्या शकांचा हा आवडता पदार्थ आपल्या वैद्यांनी निःसंकोच स्वीकारलेला दिसतो. धर्मशास्त्राने दार लावले, पण वैद्याने खिडकी उघडी ठेवली.

आता प्रश्न असा, की या प्राचीन वैद्यांनी कांदा हृदयासाठी सांगितला आहे काय? अलीकडे आपल्याकडे जुन्या ग्रंथांत सर्व काही होते असे म्हणण्याची चाल पडली आहे. म्हणून येथे काटेकोर राहिले पाहिजे. सुश्रुतसंहितेत हृद्रोगावर उपयुक्त म्हणून जे नाव येते ते लसणाचे. कांद्याच्या वाट्याला तेथे वातशमन, बल, रुची असे गुण येतात. शिवाय त्या ग्रंथांतील 'हृद्रोग' आणि आज दवाखान्यात ज्याला आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो तो रोग, हे एकच आहेत असे समजण्याचे कारण नाही. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या बारीक रोहिण्यांत मेद साठतो, तेथे रक्ताची गुठळी अडकते आणि हृदयाच्या स्नायूचा तेवढा भाग उपाशी मरतो, हे ज्ञान फार अलीकडचे. तेव्हा पूर्वजांनी कांद्याला अन्न म्हणून न्याय दिला एवढेच म्हणावे. ते खरे आहे आणि पुरेसेही आहे.

मराठी मुलखात या दोन दरबारांची तडजोड लोकांनी आपल्या पद्धतीने केली. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो आणि अनेक घरांत चार महिने कांदा-लसूण वर्ज्य होतो. पण त्याच्या आधी, आषाढ शुद्ध नवमीला, 'कांदेनवमी' येते! त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठे, कांद्याचे भरीत, जे जमेल ते करून चार महिन्यांची हौस एका दिवसात भागवून घ्यावयाची. निषेधाचाही सण करणारा असा समाज विरळाच. अरणच्या सावता महाराजांनी तर आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल पाहिला. त्या मळ्यात कांद्यालाही मज्जाव नव्हता. पोथीत जो अभक्ष्य, तो संताच्या वाफ्यात देवरूप झाला.

याच मराठी मुलखात, आणि विशेषतः खानदेशात, मारवाडातून आलेल्या जैन व्यापारी कुटुंबांनी पेठा वसविल्या. त्यांच्या घरचा निषेध मनुस्मृतीचा नव्हे. त्याचे मूळ अहिंसेत आहे. जमिनीखाली वाढणारा कंद म्हणजे अनंतकाय. एका शरीरात अनंत जीव. तो उपटला की तेवढ्या जीवांची हिंसा झाली. तेव्हा येथे वासाचा किंवा विटाळाचा प्रश्न नाही, दयेचा आहे. एकाच गल्लीत एका चुलीवर कांदा करपतो आहे आणि शेजारच्या घरी त्याचे नावही निघत नाही, हे दृश्य आपल्या पेठेत नित्याचे आहे. शेजारधर्मात त्यामुळे कधी बाधा आली नाही. पण या साध्या शेजारात शास्त्राला उपयोगी पडेल असे काही दडले आहे, हे मात्र बराच काळ कोणाच्या लक्षात आले नव्हते.

आता विसाव्या शतकात येऊ. १९१३ मध्ये अनिच्कोव या रशियन शास्त्रज्ञाने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर साठतात हे दाखविले. १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी तेथल्याच रहिवाशांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचे काम सुरू झाले. त्यातून उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ही हृदयरोगाची वाट मोकळी करणारी कारणे म्हणून पुढे आली. एकदा हे कळल्यावर पुढला प्रश्न आपोआपच उभा राहिला : आपण जे खातो त्यातले काय या कारणांना वाढविते आणि काय आवरते?

कांद्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारणाऱ्यांत भारतीय डॉक्टर आघाडीवर होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९६६ मध्ये लखनौच्या गुप्ता, मेहरोत्रा व सरकार यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्निग्ध पदार्थांचे भरपूर जेवण केले की पुढले काही तास रक्तात मेद वाढतो आणि गुठळी विरघळविण्याची रक्ताची स्वाभाविक शक्ती मंदावते. हे रक्त जात्या गोठणारे आणि जात्या विरघळविणारेही असते; या दोहोंचा तोल म्हणजे आरोग्य. लखनौच्या डॉक्टरांना असे आढळले, की त्याच जेवणाबरोबर कांदा दिला तर हा तोल तितकासा ढळत नाही. दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, इंग्लंडातील न्यूकॅसल येथे मेनन नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारातून उठणाऱ्या रुग्णांना स्निग्ध न्याहारीबरोबर कांदा दिला, कधी तळलेला तर कधी उकडलेला. गुठळी विरघळविणारी शक्ती कांद्याने वाढल्याचे त्यांनाही दिसले. कांदा शिजविल्यानेही हा गुण नाहीसा होत नाही, ही त्यातली आपल्या स्वयंपाकघराला दिलासा देणारी गोष्ट.

परंतु हे सारे प्रयोग एका जेवणाचे, चार तासांचे. माणसाचे हृदय चार तासांत बिघडत नाही. त्याला वीस-तीस वर्षे लागतात. मग जन्मभर कांदा खाणारे आणि जन्मभर न खाणारे यांची तुलना कशी करावयाची? साहेबाच्या देशात ही अडचण मोठी. तेथे जन्मात कांदा न चाखलेला माणूस शोधावा कोठे? आणि कोणी सापडलाच तर त्याचे इतर खाणे, राहणे, व्यसन सगळेच वेगळे. मग फरक कांद्याचा की मांसाचा की मद्याचा, हे कसे ठरवावे?

या कोड्याची किल्ली पुण्यात सापडली. बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. जी. एस. सैनानी व त्यांचे सहकारी यांच्या लक्षात आले, की आपल्या भोवतालच्या जैन समाजात हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या आपोआपच चालू आहे. सारेच शाकाहारी, पोळी, डाळ, भाजी, दूध, तूप हे सर्वांचे सारखे. पण कांदा-लसणाच्या बाबतीत घराघरांत फरक आहे. काही घरे परंपरा कडकडीत पाळतात, काही थोडी सैल झाली आहेत, काहींनी ती सोडूनच दिली आहे. तेव्हा एकाच समाजातून तीन गट निवडावयाचे, म्हणजे बाकीचे खाणे जवळजवळ सारखे आणि फरक तेवढा कांदा-लसणाचा. किती साधी आणि किती चतुर युक्ती!

पहिला गट भरपूर खाणाऱ्यांचा : आठवड्याला कांदा ६०० ग्रॅम किंवा अधिक आणि लसूण ५० ग्रॅम किंवा अधिक. दुसरा गट बेताने खाणाऱ्यांचा : आठवड्याला कांदा २०० ग्रॅमपर्यंत, लसूण १० ग्रॅमपर्यंत. तिसरा गट जन्मात दोन्ही न खाल्लेल्यांचा. तिन्ही गटांचे उपाशीपोटी रक्त तपासले आणि निष्कर्ष १९७९ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भरपूर खाणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल सरासरी १५९, बेताने खाणाऱ्यांचे १७२ आणि मुळीच न खाणाऱ्यांचे २०८ मिलिग्रॅम, दर १०० मिलिलिटर रक्तरसात. ट्रायग्लिसराइड नावाचा जो दुसरा मेद, तो याच क्रमाने ५२, ७५ आणि १०९. पायऱ्या अगदी स्पष्ट आहेत : कांदा-लसूण जसजसा कमी, तसतसा रक्तातला मेद अधिक. त्याच वर्षी त्यांनी रक्त गोठण्याविषयीचा दुसरा लेख प्रसिद्ध केला. त्यात मुळीच न खाणाऱ्यांच्या रक्तात गुठळीला आधार देणाऱ्या फायब्रिनोजेन या द्रव्याचे प्रमाण अधिक आढळले.

हे आकडे पुढे जगभरच्या ग्रंथांत गेले. कांदा व लसूण यांच्या गुणांविषयी कोणी काही लिहावयास बसला, की पुण्याच्या जैन समाजाचा उल्लेख येतोच. येथे क्षणभर थांबून एका गोष्टीचा विचार करावा. कांदा खाणाऱ्या कोट्यवधींनी कांद्याविषयी आपल्याला काही शिकविले नाही. शिकविले ते न खाणाऱ्यांनी. ज्यांनी जीवदयेपोटी जिभेवर ताबा ठेवला, त्यांनी आपले रक्त तपासू दिले, म्हणून कांद्याचा गुण मोजता आला. निषेध नसता तर मापही नसते. त्या भगिनींच्या चिठ्ठीला उत्तर देताना ही कृतज्ञता आम्ही सर्वांत आधी नोंदवितो.

आता आकड्यांची दुसरी बाजू. वकील जसा साक्षीदाराची उलटतपासणी करतो तशी आकड्यांचीही केली पाहिजे. पहिली गोष्ट, हे तिन्ही गट कांद्यात तसे लसणातही वेगळे होते. कांदा खाणारा पण लसूण न खाणारा असा गट त्यात नाही. तेव्हा श्रेय कोणाला किती, हे त्या आकड्यांवरून वाटून देता येत नाही. दुसरी गोष्ट, जे घर कांद्याची परंपरा सोडते ते आणखीही काही बदलते. कोणाचे तूप कमी होते, कोणाचे चालणे वाढते, कोणाचा धंदा बदलतो. एका वेळी घेतलेल्या रक्तावरून दोन गोष्टी बरोबर चालल्या आहेत एवढे कळते. एक दुसरीला ओढते आहे की दोघी तिसरीच्या मागे आहेत, हे सिद्ध होत नाही. तिसरी गोष्ट, मोजला तो रक्तातील मेद, हृदयरोग नव्हे. आणि चौथी आपल्या जैन बांधवांनी विशेष लक्षात घ्यावी : न खाणाऱ्यांची २०८ ही सरासरी आज इष्ट मानलेल्या २०० च्या मर्यादेहून थोडीशीच वर आहे. ते काही संकटाचे चिन्ह नव्हे.

पुढल्या काळात कांद्याच्या पोटात शिरून पाहण्याचे काम रसायनशास्त्रज्ञांनी केले. अखंड कांद्याला फारसा वास नसतो, हे आपण जाणतोच. त्याच्या पेशींत गंधकयुक्त द्रव्ये एका कप्प्यात आणि त्यांना फोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. विळीवर कांदा चिरला की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि तिखट वायू निर्माण होतो. डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्य घडविणारे खास विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधून काढले. याच गंधकी द्रव्यांपैकी काही रक्तकणिका एकमेकींना चिकटण्यास अडथळा करतात, असे प्रयोगशाळेत दिसते. म्हणजे गृहिणीला रडविणारा गुण आणि रक्ताला मोकळे ठेवणारा गुण ही सख्खी भावंडे होत!

दुसरे द्रव्य क्वेर्सेटिन. हे वनस्पतींतील एक पिवळसर रंगद्रव्य असून लाल व पिवळ्या कांद्यात, त्यातही बाहेरच्या पाकळ्यांत, ते अधिक असते. पांढऱ्या कांद्यात फारच थोडे. आपल्या जळगावात विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून कांदा वाळवून परदेशी पाठविण्याचा मोठा उद्योग उभा राहिला, त्याला पांढरा कांदा लागतो; कारण त्यात घनपदार्थ अधिक आणि वाळल्यावर रंग स्वच्छ. म्हणजे बाजाराची परीक्षा एक आणि हृदयाची दुसरी. परतल्याने क्वेर्सेटिन फारसे जात नाही. उकडले तर पाण्यात उतरते. आपण रस्सा टाकून देत नाही, तेव्हा खानदेशी स्वयंपाकात ते पुष्कळसे ताटातच येते. पण साले काढताना दोन-तीन जाड पाकळ्या फेकून देण्याची सवय असेल तर ती सोडावी.

नेदरलँड्समधील झुटफेन या गावी १९८५ पासून ६५ ते ८४ वर्षे वयाच्या ८०५ पुरुषांचा पाच वर्षे मागोवा घेण्यात आला. क्वेर्सेटिनच्या कुळातील द्रव्ये आहारातून अधिक घेणाऱ्यांत हृदयरोगाचे मृत्यू, थोडी घेणाऱ्यांच्या मानाने, निम्म्याहूनही कमी आढळले. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा कांद्याचे फार कौतुक झाले. पण त्या डच म्हाताऱ्यांना ही द्रव्ये मिळत होती ती कशातून? ६१ टक्के चहातून, १३ टक्के कांद्यातून आणि १० टक्के सफरचंदातून. कांद्याचा नंबर दुसरा, तोही बराच मागे. आणि चार वर्षांनी, १९९७ मध्ये, वेल्समधील केअरफिली या गावच्या पुरुषांत पाहिले तर हा फायदा दिसला नाही. शास्त्रात एका गावच्या पंचनाम्यावर निकाल देत नाहीत तो यासाठीच.

यानंतरची परीक्षा अधिक कडक : माणसांना चिठ्ठ्या टाकून गटांत वाटावयाचे, एका गटाला खरे द्रव्य आणि दुसऱ्याला दिसावयास तसेच पण पोकळ असे द्यावयाचे. जर्मनीतील बॉन विद्यापीठाने २०१५ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. कांद्याच्या सालीचा अर्क, ज्यात दररोज १६२ मिलिग्रॅम क्वेर्सेटिन होते, तो सहा आठवडे दिला. ज्यांचा रक्तदाब आधीच उच्च होता त्यांच्यात वरचा दाब सुमारे साडेतीन अंकांनी उतरला. फायदा खरा, पण लहान. आणि आपल्या नेहमीच्या १०० ग्रॅम कांद्यात क्वेर्सेटिन सुमारे २० ते ४० मिलिग्रॅम. म्हणजे तेवढे मिळविण्यास रोज अर्धा किलो कांदा हवा! दुसरीकडे, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००७ मध्ये कांद्याच्या भावाची, लसणाची, परीक्षा घेतली. कोलेस्टेरॉल मध्यम वाढलेल्या १९२ माणसांना सहा महिने कच्चा लसूण किंवा त्याच्या दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. घातक कोलेस्टेरॉल त्यातल्या कशानेही उतरले नाही. पुण्याच्या आकड्यांनी जी आशा दाखविली तिला हा लगाम आहे आणि तो मानला पाहिजे.

मग या सगळ्याचे तात्पर्य काय? आम्हांस वाटते, चरकसंहितेच्या त्या एका शब्दात ते पुरेसे आले आहे. कांदा आहारयोगी आहे. तो जेवणाचा सोबती आहे, वैद्याचा प्रतिनिधी नव्हे. रोजच्या ताटात एखादा मध्यम कांदा असणे चांगले. पुण्याच्या पहिल्या गटाचे ६०० ग्रॅम म्हणजे दिवसाला साधारण तेवढेच होतात. भाकरी, डाळ, पालेभाजी आणि कांदा हे शेतकऱ्याचे जेवण हृदयाला मानवणारे आहे. आणि त्यात कांद्याइतकाच वाटा भाकरीचा, डाळीचा आणि त्या शेतकऱ्याच्या घामाचा आहे. त्याचे ताट तेवढे घ्यावयाचे आणि घाम सोडून द्यावयाचा, असे केल्यास हिशेब जुळणार नाही.

आणखी एक. कांदा कोणत्या संगतीत खाल्ला जातो, हेही पाहिले पाहिजे. कांदेनवमीची भजी वर्षातून एकदा ठीक. ती रोज संध्याकाळी स्टेशनरोडवर होऊ लागली, तर त्यातला कांदा हृदयाच्या बाजूचा आणि तेल त्याच्या विरुद्ध बाजूचे. शेवभाजीच्या तर्रीतही हेच. कच्च्या कांद्यावर मिठाची चिमूट टाकण्याची सवय आहे. रक्तदाब असलेल्याने ती चिमूट सोडून लिंबू पिळावे. पापड, लोणचे आणि ठेचा यांतले मीठ एकत्र केले तर कांद्याने केलेली कमाई तेथेच खर्च होते.

आता त्या दोन चिठ्ठ्या. पहिल्या गृहस्थांना आमचे हात जोडून सांगणे आहे : दादा, कांदा खुशाल खा, पण गोळी सोडू नका. शेजाऱ्याचा सल्ला प्रेमाचा आहे, पण त्याच्यापाशी रक्तदाब मोजण्याचे यंत्र नाही. बॉनच्या अर्काने जेथे तीन-चार अंक उतरले तेथे आपली गोळी त्याहून पुष्कळ अधिक काम करते, आणि ती एकाएकी बंद केली तर काय ओढवते हे आपले डॉक्टर जाणतात. रक्त पातळ ठेवण्याचे औषध चालू असेल, तर बाजारात मिळणाऱ्या कांदा-लसणाच्या अर्काच्या गोळ्या त्यांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. भाजीतल्या कांद्याची मात्र धास्ती नको. हृदयरोग आज आपल्या देशात मृत्यूचे पहिले कारण आहे. अशा वेळी कांद्याच्या भरवशावर औषध टाकणे म्हणजे नाव सोडून भोपळ्यावर तापी ओलांडण्यासारखे आहे.

आणि त्या भगिनींना : ताई, आपल्या व्रताने आपले हृदय धोक्यात येत नाही. कांद्यात जे आहे ते एकट्या कांद्यात नाही. क्वेर्सेटिन सफरचंदात आहे, चहात आहे, आपल्या परसातल्या शेवग्याच्या पाल्यातही आहे. रक्तातला मेद आवरण्यास डाळी, कडधान्ये, ज्वारी-बाजरी आणि पालेभाज्या समर्थ आहेत; यांतले आपल्या व्रतात बसेल ते घ्यावे. लक्ष द्यावयाचे ते तुपाकडे, तळणाकडे, फरसाणाकडे, मिठाकडे आणि बैठ्या धंद्याकडे. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्त व रक्तदाब तपासून घ्यावा. तो नियम मात्र कांदा खाणाऱ्यालाही आहे आणि न खाणाऱ्यालाही.

एके काळी कांदा खाल्ला म्हणून माणसाला वस्तीबाहेर घालविले गेले. आज उलट टोक गाठून, कांदा न खाणाऱ्याला अडाणी ठरविण्याचा मोह होऊ शकतो. काहींना तो होतोही. दोन्ही अन्यायच. इतिहासाने आपल्याला शिकविले ते इतकेच, की खाणाऱ्याच्या ताटातून बळ मिळाले आणि न खाणाऱ्याच्या व्रतातून ज्ञान मिळाले. दोघे एकाच गल्लीत राहिले म्हणून ते ज्ञान शक्य झाले.

 चिठ्ठ्या लिहिणारे दोघेही आज या मंडपात असतील तर उत्तरास एक वर्ष लागले याची त्यांनी क्षमा करावी.